मार्लिन 336 क्लासिक: दहा महिने आणि साडेसहाशे बार झाल्यावर

फेब्रुवारीत घेतलेल्या रायफलीबद्दल डिसेंबरात लिहितोय. मधल्या काळात इथल्या मित्रांनी बऱ्याचदा विचारलं, "कशी आहे? जुन्यासारखी आहे का?" सगळ्यांना म्हटलं, आधी सहाशे बार होऊ द्या. काल रात्री वहीत बेरीज केली, 648 झाले. आता बोलतो.

मी मूळचा कोल्हापूरचा, गेली अकरा वर्षं पेनसिल्व्हेनियात आहे. नोकरी मशीन शॉपच्या तपासणी विभागात, दिवसभर हातात मायक्रोमीटर. वडील उद्यमनगरात टर्नर होते. आजोबांकडे पिकाच्या राखणीसाठी लायसनची बारा बोअरची दुनळी होती. निवडणूक लागली की ते ती गोणपाटात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करून यायचे आणि निकालानंतर परत आणल्यावर अंगणात बसून तेलाच्या फडक्याने पुसायचे. बंदूक म्हटली की मला अजून त्या तेलाचा वास आठवतो. इथे आल्यावर रायफल घ्यायची ठरवली तेव्हा मार्लिनच हवी होती, पण घ्यायला मला सहा वर्षं लागली. कारण ते नाव मधल्या काळात पार खराब झालं होतं.

ज्यांना हा इतिहास माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जॉन मार्लिनने 1870 साली कनेटिकटमधल्या न्यू हेवनला कारखाना काढला. लिव्हर खालीवर करून काडतूस चढवायची रायफल ही त्यांची खासियत. त्या काळच्या प्रतिस्पर्धी विंचेस्टर कंपनीच्या रायफलींतून रिकामं काडतूस वरच्या बाजूने उडायचं. मार्लिनने 1889च्या मॉडेलपासून ते बाजूने बाहेर काढलं आणि माथा बंद ठेवला. त्यामुळे पावसाचं पाणी, पालापाचोळा आत जायचा नाही आणि पुढे दुर्बिणीचे दिवस आले तेव्हा ती बसवायला सपाट, भक्कम जागा तयारच होती. 336 हे मॉडेल 1948चं. शेतकरी, लाकूडतोडे, गिरणी कामगार यांच्या घरात दाराआड उभी असायची ती ही रायफल. नळीवर 'जेएम' असा छोटा ठसा असे. आजही जुन्या बाजारात लोक आधी तो ठसा शोधतात आणि त्याचे जास्त पैसे मोजतात.

2007 संपता संपता रेमिंग्टन या दुसऱ्या बंदूक कंपनीने मार्लिन विकत घेतली. 2010 मध्ये, तोवर शेजारच्या नॉर्थ हेवनला गेलेला कारखाना बंद करण्याची घोषणा झाली आणि पुढच्या वर्षी त्याला कुलूप लागलं. यंत्रं उचलून न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनला नेली. वर्षानुवर्षं त्या यंत्रांवर काम केलेले कारागीर मागेच राहिले. त्यानंतर बाजारात आलेल्या रायफलींबद्दल खूप लिहिलं-बोललं गेलंय: पुढची माशी (नेम धरायचा नळीवरचा उंचवटा) तिरकी, लाकूड आणि लोखंड यांच्यात फट, लिव्हर खरखरीत. लोकांनी 'रेमलिन' असं नावच पाडलं. एके काळी कौतुकाने घेतलं जाणारं नाव चार-पाच वर्षांत थट्टेचं झालं.

हे का झालं ते मला फार जवळचं वाटतं. नॉर्थ हेवनची यंत्रं जुनी आणि झिजलेली होती, ड्रॉइंग प्रत्यक्ष भागांशी जुळत नव्हती आणि शेवटची जुळणी कारागीर हाताने, कानशीने करत, हे त्या व्यवहारानंतर सगळीकडे सांगितलं गेलं. आमच्या घरात हीच गोष्ट घडलेली आहे. वडील ज्या लेथवर तीस वर्षं उभे राहिले तिचा बेड चकच्या, म्हणजे काम पकडणाऱ्या जबड्याच्या, बाजूला झिजला होता. टूल चकजवळ आलं की ते डायलवर दीड घर जास्त द्यायचे. कुणी सांगितलेलं नव्हतं, कुठे लिहिलेलं नव्हतं. ते निवृत्त झाले आणि दोन महिन्यांत त्या लेथवरचे शाफ्ट परत येऊ लागले. तीच मशीन, तेच ड्रॉइंग, तेच मटेरियल. शेवटी मालकांनी त्यांना रोजावर बोलावून नव्या पोराला ते दीड घर शिकवायला लावलं. इलियनला ते दीड घर सांगायला कुणी नव्हतं.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. शेवटच्या काही वर्षांत रेमिंग्टननेही नवी यंत्रं लावली, ड्रॉइंग नव्याने केली आणि उशिराच्या रायफली बऱ्याच सुधारल्या होत्या. पण तोवर गिऱ्हाइकाचा विश्वास उडालेला होता. 2018 मध्ये रेमिंग्टनने दिवाळखोरी जाहीर केली, 2020 मध्ये पुन्हा. त्या लिलावात मार्लिन रुगर या बंदूक कंपनीने घेतली, सुमारे 2 कोटी 83 लाख डॉलरला.

मला इथे एकाच गोष्टीचं अप्रूप वाटतं. नोव्हेंबर 2020 मध्ये व्यवहार पूर्ण झाला आणि पहिली रायफल बाजारात आली डिसेंबर 2021 मध्ये. वर्षभर त्यांनी एकही मार्लिन विकली नाही. गोदामातले उरलेले भाग जोडून विकता आले असते, लोकांनी घेतलेही असते, कारण तेव्हा अमेरिकेत मिळेल ती बंदूक खपत होती. त्याऐवजी त्यांनी भाग नव्याने मोजले, प्रक्रिया नव्याने बसवल्या आणि सुरुवात '1895' नावाच्या एकाच मॉडेलने केली, तीही फोर्टी-फाइव्ह सेव्हंटी या एकाच काडतुसात. सगळ्यांच्या तोंडी असलेलं 336 यायला मार्च 2023 उजाडला. रुगरची ओळख ओतकामाची. मी फौंड्रीच्या गावचा, त्यामुळे हे लोक रिसीव्हर (सगळी यंत्रणा जिच्यात बसते ती मधली चौकट) ओततील का याची मला उत्सुकता होती. त्यांनी तो घडाईच्या तुकड्यातून सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर, काढायचं ठरवलं. नळी मात्र त्यांच्या पद्धतीने, थंड लोखंडावर हातोड्यांचे मार देऊन घडवलेली. कारखाना नॉर्थ कॅरोलायनातल्या मेयोडनला आहे, जुन्या कापडगिरण्यांच्या गावात. हे वाचून मला आपली इचलकरंजी आठवली.

आता रायफलीकडे येतो. थर्टी-थर्टी काडतूस, सव्वावीस इंची नळी, अक्रोडाचा दस्ता, सोनेरी चाप. दस्त्याच्या खालच्या कडेला असणारा मार्लिनचा गोल ठिपका आता लाल आहे आणि नंबर 'आरएम'ने सुरू होतो. छापील किंमत बाराशे डॉलरच्या वर. दुकानात कागदपत्रं आणि तपासणी होईस्तोवर मी काउंटरवर तीच उलटसुलट बघत बसलो.

आधी माशी बघितली. रायफल डोळ्याच्या रेषेत धरायची, मागच्या खाचेच्या दोन्ही कडा आडव्या करायच्या आणि पुढची माशी त्यात सरळ उभी आहे का ते बघायचं. सरळ होती. मग दस्ता रिसीव्हरला मिळतो त्या जागी अंगठ्याचं नख फिरवलं. लाकूड लोखंडापेक्षा केसभर वर आहे, दोन्ही बाजूंना सारखंच. हे मुद्दाम असतं, कारण लाकूड पुढे थोडं आकसतं. नख कुठेही फटीत अडकलं नाही. रात्री वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी बंदुकीचं नाव, किंमत काहीच विचारलं नाही. म्हणाले, "फोन जवळ ने. आणि ते दांडकं हलवून दाखव, आवाज ऐकू दे." मी लिव्हर चार वेळा सावकाश खालीवर केली. ते म्हणाले, "हात न लावता बसलंय हे. मशीननं बसवलंय." त्यांच्या तोंडी ही कौतुकाची पावती आहे.

पहिले शंभर बार लिव्हर घट्ट होती. अडकत नव्हती, पण परत वर आणताना शेवटच्या इंचाला जोर लागायचा. आमच्या शेजारच्या आजोबांकडे 336च आहे. त्या काळात नंबरचे पहिले दोन आकडे 2000 मधून वजा केले की साल निघतं. त्यांच्या नंबरात पहिले आकडे 24, म्हणजे 1976ची. एप्रिलमध्ये एका दुपारी आम्ही दोन्ही रायफली शेजारी ठेवून चालवल्या. त्यांची लिव्हर लोण्यात सुरी फिरावी तशी फिरते. पण ती जवळपास पन्नास वर्षं चालून घासली गेलीय. माझी साडेतीनशे बारांनंतर मोकळी झाली आणि आता त्यांच्या बरोबरीला नाही, तरी जवळ आलीय. लाकूड त्यांचं उजवं, रेषा जास्त सुंदर. नळी माझी उजवी. जुन्यात नळीच्या आत गोळीला फिरकी देणारी मार्लिनची प्रसिद्ध बारीक, उथळ, जास्त संख्येची खोबण आहे, नव्यात नेहमीची खोल.

नेमाचं सांगायचं तर उघड्या माशीवर, बाकावरून, शंभर यार्डांवर पाच बारांचा झुपका दोन ते अडीच इंचांत बसतो. माझी नजर आता चाळिशीतली आहे. दुर्बीण लावून एकदा दीड इंच मिळालं, पण मला ही रायफल दुर्बिणीशिवायच आवडते, म्हणून काढून ठेवली. वहीत चार प्रकारच्या काडतुसांची नोंद आहे. त्यातल्या एका स्वस्त प्रकाराने झुपका चार इंचांवर नेला. तीच काडतुसं आजोबांच्या रायफलीतही तशीच पसरली, म्हणून ती पेटी बाजूला टाकली. नव्याने घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: या रायफलीत काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक बसतात, पुढच्याच्या बुडावर मागच्याचं टोक टेकतं. त्यामुळे गोळी चपट्या टोकाची किंवा खास मऊ टोकाचीच हवी. कडक अणकुचीदार गोळी यात कधीही घालू नये.

साफ करणं सोपं आहे आणि माझ्या आवडीचं काम आहे. लिव्हरचा एक स्क्रू काढला की लिव्हर उतरते, मग बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) मागे सरकवून बाहेर येतो आणि नळी मागच्या बाजूने साफ करता येते. बोल्ट निघाला की इजेक्टर, रिकामं काडतूस बाहेर फेकणारी बोटाच्या पेराएवढी पट्टी, आतल्या आत सुटते. पहिल्यांदा करणाऱ्याने खाली फडकं अंथरावं, नाहीतर ती थेट फरशीवर जाते. स्क्रूड्रायव्हर खाचेत नीट बसणारा घ्या, साध्याने स्क्रूचं डोकं खराब होतं.

जुन्या मार्लिनवाल्यांमध्ये 'मार्लिन जॅम' प्रसिद्ध आहे. लिव्हरच्या टोकाची कड काडतूस उचलणाऱ्या कॅरियरला घासत राहते, तिथे चर पडत जातो आणि एक दिवस दोन काडतुसं एकदम बाहेर येऊन सगळं अडकतं. म्हणून दर दोनशे बारांना मी कॅरियर काढून भिंगाखाली बघितला. 648 नंतर घासलेल्या जागी लोखंड चकाकतं, नखाला मात्र काहीच लागत नाही. या दहा महिन्यांत रायफल एकदाही अडकली नाही.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणांचा हंगाम सुरू झाला. नारिंगी जॅकेट घालून पहाटे साडेपाचला ओढ्याच्या काठावर बसलो. सव्वाआठला एक व्हाइटटेल सत्तर यार्डांवर आडवं उभं राहिलं. एक बार. ते चाळीस पावलं जाऊन पडलं. मांस आम्ही आणि शेजारचे आजोबा वाटून घेतलं. आई माळकरी आहे, तिच्यापुढे हा विषय काढत नाही, इथेही जास्त लिहीत नाही. एवढंच सांगतो, त्या क्षणी घोडा मागे ओढताना माझं लक्ष रायफलीकडे अजिबात नव्हतं. ती करील हे गृहीत होतं.

मनासारखं नाही असंही आहे. आडवी बटणवाली सेफ्टी मला नको वाटते. ती 1980च्या दशकात आली, आजोबांच्या रायफलीत नाही आणि घोडा अर्धा मागे ओढून अडकवून ठेवायची जुनी सोय असताना ती नजरेला खुपते. बाराशे डॉलर ही कष्टकऱ्याच्या रायफलीची किंमत राहिलेली नाही, ज्यांच्या जिवावर हे नाव मोठं झालं त्यांच्यापैकी बरेच जण आता जुन्या बाजारातच बघतात. हे मला खरोखर लागतं.

मग नाव परत मिळालं का? विंचेस्टरचा न्यू हेवनचा कारखाना 2006 मध्ये बंद झाला. आज त्यांच्या लिव्हर रायफली जपानमध्ये मिरोकू बनवते, काम उत्कृष्ट असतं, तरी जुने लोक विंचेस्टर म्हणून तिला अजून पूर्ण मान देत नाहीत. दोन शतकांच्या इलियनच्या कारखान्यालाही 2024 मध्ये कायमचं कुलूप लागलं. मार्लिनचं तसं झालं नाही असं मी म्हणतो, कारण मला माझी रायफल शेजारच्या आजोबांच्या रायफलीशेजारी ठेवताना संकोच वाटला नाही आणि त्यांनाही वाटला नाही. मात्र हा दर्जा जॉन मार्लिनच्या कारागिरांचा नाही. त्यांच्या हातातलं गेलं ते गेलं. हा दर्जा मेयोडनच्या लोकांनी मोजून, लिहून, नव्याने कमावलेला आहे, आणि तो कागदावर असल्यामुळे एखादा माणूस निवृत्त झाला म्हणून जाणार नाही, अशी माझी आशा आहे. नॉर्थ हेवनची शेवटची पिढी अजून हयात आहे. त्यांच्यापैकी कुणाला बोलावून ते दीड घर विचारलं असेल का, हे जाणून घ्यायला मला फार आवडेल.

घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण दुकानात नख फिरवून आणि माशी बघूनच. जुनी 'जेएम' चांगल्या स्थितीत आठशेच्या आत मिळाली तर तीही सोडू नका, फक्त कॅरियर आधी काढून बघा. माझी पुढची मोजणी हजार बारांना, बहुधा पुढच्या उन्हाळ्यात. तेव्हा कॅरियरचं काय झालं ते लिहीन.