ऑरेंज पीपीसी ११२ : फ्लॅटमध्येही, कॅफेतही

माझ्या १५ वॅटच्या ट्यूब अँपसाठी (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या गिटार अँप्लिफायरसाठी) घेतलेलं हे ऑरेंज कंपनीचं कॅबिनेट, म्हणजे स्पीकरचा खोका, मला मनापासून आवडलंय. आत सेलेस्चन कंपनीचा ‘व्हिंटेज ३०’ हा १२ इंची स्पीकर, ६० वॅट, १६ ओहम (विद्युत रोध). पाठ बंद असल्याने जाड तारा घुमत नाहीत, नेमक्या वाजतात. एका वॅटला साधारण १०० डेसिबल देणारा स्पीकर आहे, त्यामुळे ड्रमसोबतही कॅफेत १५ वॅट पुरतात. वरच्या मिड्सची (मधल्या पट्टीतल्या वरच्या स्वरांची) धार मात्र जवळून टोचते. म्हणून मी कॅबिनेट खुर्चीवर, जरा तिरकं ठेवतो. फ्लॅटमध्ये ट्रेबल (उंच स्वर) उतरवतो. या धारेमुळे जॅझवाल्यांनी आधी वाजवून बघावं. आणि हो, जोडायला स्पीकर केबलच वापरा, गिटारची नको. अँपवर १६ ओहमचंच सॉकेट निवडा.