सेनाइट लिम्सचा डॅशबोर्ड: ढीग दिसतो, वय दिसत नाही

सेनाइट ही प्रयोगशाळेची माहिती सांभाळणारी मुक्त स्रोत प्रणाली, म्हणजे आपण ज्याला सरसकट लिम्स म्हणतो ती, बिका लिम्स या जुन्या प्रणालीतून फुटून स्वतंत्रपणे वाढली. ती प्लोन या संकेतस्थळाचा मजकूर सांभाळणाऱ्या प्रणालीवर उभी आहे, पायथॉनमध्ये लिहिलेली आहे आणि तिच्यासाठी परवाना शुल्क भरावे लागत नाही. पिण्याचे पाणी आणि सांडपाणी तपासणाऱ्या आमच्या मध्यम आकाराच्या प्रयोगशाळेत ती रोजच्या वापरात आहे. मात्र येथे संपूर्ण प्रणालीचे परीक्षण करायचे नसून, तिचा मूळ डॅशबोर्ड, म्हणजे कामाची स्थिती एका नजरेत दाखवणारे पान, आणि त्याच्या जोडीला आम्ही उभारलेला आमचा डॅशबोर्ड, एवढ्यापुरतेच लिहायचे आहे.

मूळ डॅशबोर्डमध्ये चाचण्या, नमुने आणि वर्कशीट (एकत्र करायच्या चाचण्यांची कामयादी) असे भाग आहेत आणि प्रत्येक भागात अवस्थेप्रमाणे चौकटी आहेत: स्वीकारायचे राहिलेले, निकाल बाकी असलेले, पडताळणीसाठी थांबलेले, पडताळणी होऊन अहवालाची वाट पाहणारे. चौकटीवर क्लिक केले की नेमक्या त्याच अवस्थेतील नमुन्यांची यादी उघडते, आणि ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते, कारण नुसता आकडा दाखवून थांबणाऱ्या डॅशबोर्डचा विश्लेषकाला काहीच उपयोग नसतो. चौकटींबरोबर स्तंभालेख येतात; ते दिवस, आठवडा, महिना, तिमाही अशा कालखंडांनुसार बदलता येतात. कोणत्या भूमिकेच्या वापरकर्त्याला कोणता भाग दिसावा हेही ठरवता येते. स्वीकृती कक्षातील कर्मचाऱ्याला अहवालांची चौकट दाखवण्याचे कारण नाही, आणि ती लपवण्यासाठी प्रोग्रामरला बोलवावे लागत नाही.

एवढ्यावर ज्यांचे भागते त्यांनी पुढे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आमचे भागले नाही, कारण हा डॅशबोर्ड ढीग मोजतो, ढिगातल्या नमुन्याचे वय मोजत नाही. पडताळणीच्या चौकटीत १२ हा आकडा दिसतो, पण ते बारा नमुने आज सकाळचे आहेत की त्यातले दोन गेल्या सोमवारपासून तेथेच अडकलेले आहेत, हे चौकटीवरून कळत नाही. याची सामग्री प्रणालीत नाही असे नव्हे. प्रत्येक चाचणीला कमाल कालावधी नेमून देता येतो, त्याची मोजणी नमुना स्वीकारल्यापासून सुरू होते, प्रयोगशाळेचे कामाचे दिवसही नोंदवता येतात आणि मुदत उलटलेल्या चाचणीवर यादीत तशी खूण येते. परंतु ती खूण यादी उघडल्यावर दिसते, आणि सकाळी साडेनऊ वाजता तांत्रिक व्यवस्थापक यादी उघडत नाहीत, ते डॅशबोर्डकडे पाहतात.

म्हणून आम्ही वेगळा डॅशबोर्ड केला. सेनाइटची माहिती झोडबी या ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये राहते; तक्ते आणि स्तंभ असलेल्या नेहमीच्या डेटाबेसप्रमाणे तिच्यावर एसक्यूएल ही डेटाबेसला विचारणा करण्याची भाषा थेट चालवता येत नाही, आणि मेटाबेस किंवा ग्राफाना ही आलेख व डॅशबोर्ड काढणारी साधने तिला सहज जोडता येत नाहीत. वाट आहे ती सेनाइटच्या जेसन एपीआयची, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला माहिती मागू देणाऱ्या सोयीची. ती पुरेशी नीटनेटकी आहे, पण दोन गोष्टी आधीच ठाऊक असाव्यात: वेगळे सांगितले नाही तर एका विनंतीत २५ नोंदीच मिळतात, त्यामुळे पुढील पाने मागत राहावे लागते, आणि साध्या विनंतीत नोंदीचा केवळ सारांश येतो, सर्व रकाने हवे असल्यास ते स्वतंत्रपणे मागावे लागतात व त्याला वेळ लागतो. आम्ही दर पंधरा मिनिटांनी बदललेले नमुने उचलून पोस्टग्रेस या तक्त्यांच्या डेटाबेसमध्ये ठेवतो आणि त्यावर मेटाबेस चालवतो.

तांत्रिक भाग तेथे संपला आणि खरा त्रास सुरू झाला, तो आमच्याच निष्काळजीपणामुळे. पहिल्या आठवड्यात नमुना संकलनाची प्रत्येक तारीख एक दिवस मागे दिसत होती. कारण क्षुल्लक निघाले: ज्या तारखेला वेळ जोडलेली नसते तिची वेळ मध्यरात्र धरली जाते, आणि भारतीय मध्यरात्र यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार आदल्या दिवशीची सायंकाळी साडेसहाची वेळ असते. दुसरी चूक अधिक गंभीर होती. अहवाल निघाल्यावर एखादा नमुना अवैध ठरवला की सेनाइट त्याच्या फेरतपासणीसाठी आर०१ असा प्रत्यय लावून नवा नमुना तयार करते. आम्ही दोन्ही मोजत होतो आणि महिन्याचे एकूण नमुने फुगलेले दिसत होते.

सरासरी कालावधीचा स्तंभ मात्र आम्ही मुद्दाम काढून टाकला. भारतीय मानक ३०२५ च्या ४४ व्या भागाप्रमाणे बीओडीचा, म्हणजे जैविक ऑक्सिजन मागणीच्या चाचणीचा, नमुना २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस ठेवावाच लागतो, तर पीएच काही मिनिटांत होतो. या दोहोंची एकच सरासरी काढणे म्हणजे बैलगाडी आणि एसटी यांचा मिळून वेग सांगण्यासारखे आहे. आता प्रत्येक चाचणीच्या नेमून दिलेल्या कालावधीपैकी किती उलटला, एवढेच टक्क्यांत दाखवले जाते, आणि ८० टक्क्यांपुढील नमुने वर येतात.

हाच डॅशबोर्ड प्लोनचे ॲड-ऑन लिहून सेनाइटच्या आतही करता येतो, आणि तसे केल्यास लॉगिन व अधिकार वेगळे सांभाळावे लागत नाहीत. परंतु त्यासाठी प्लोन जाणणारा माणूस हवा, आणि तसा माणूस सहज मिळत नाही; शिवाय प्रत्येक आवृत्तीबदलाच्या वेळी ते काम पुन्हा तपासावे लागते. एनएबीएल या प्रयोगशाळांना मानांकन देणाऱ्या मंडळाचे मानांकन असलेल्या प्रयोगशाळांनी आणखी एक गोष्ट विसरू नये: आयएसओ/आयईसी १७०२५:२०१७ या प्रयोगशाळांच्या सक्षमतेच्या मानकातील कलम ७.११ प्रमाणे माहिती व्यवस्थापन प्रणालीतील बदल वापरात आणण्यापूर्वी अधिकृत, नोंदवलेले आणि प्रमाणित असावे लागतात. बाहेरचा डॅशबोर्ड केवळ वाचतो, निकालाला हात लावत नाही, तरीही आम्ही ३० नमुन्यांचे आकडे हाताने ताडून त्याची नोंद फाइलला लावली, आणि फेरतपासणीची चूक सापडली ती याच ताडणीत.

महिन्याला शंभर-दोनशे नमुने हाताळणाऱ्या प्रयोगशाळेने सेनाइटचा मूळ डॅशबोर्ड वापरावा आणि मुदत उलटलेल्यांची यादी रोज एकदा उघडण्याची सवय लावून घ्यावी. त्याहून मोठ्या प्रयोगशाळेत पायथॉन जाणणारी एक व्यक्ती असेल तर एपीआय आणि मेटाबेसचा मार्ग निश्चितच परवडतो. आम्हाला सुरुवातीला दहा चौकटी हव्या होत्या, आज स्वीकृती कक्षाबाहेरील पडद्यावर त्यातल्या तीनच उरल्या आहेत.