बालवाडीत रंगपंचमी: पळसाचं पाणी की घरचा कोरडा रंग?

एका बालवाडीच्या ताईंनी विचारलंय की तीन-चार वर्षांच्या पोरांना यातलं काय बरं पडेल.

पळस फुकट, पण जवळ झाड हवं. फाल्गुनात खाली फुलांचा सडा असतो, तो पोरांनीच वेचायचा, रात्रभर पाण्यात भिजवला की सकाळी पिवळं-केशरी पाणी तयार, आणि खरं सांगू का ताई, हे वेचणं कुस्करणं हाच त्यांचा खरा खेळ असतो, रंग उडवणं नंतरचं. कोरड्याला कॉर्नफ्लॉर आणि हळद विकत आणायची, पण दहा मिनिटांत काम होतं.

आवरायला पळस जड. प्रत्येकाचा जादा कपड्यांचा जोड मागवावा लागतो, डबा-झोपेची वेळ सरकली की लहानगी रडकुंडीला येतात, म्हणून डब्याआधीच उरका. कोरडं झटकलं की झालं, फक्त पिठाने फरशी निसरडी होते आणि हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, पोरांच्या आयांना आधीच सांगून ठेवा.

अंगण आणि मदतीला मावशी असतील तर पळसच घ्या. फ्लॅटमधली नर्सरी, पाणीटंचाई किंवा सर्दीवाली पोरं असतील तर कोरडा, पण उधळायचा नाही, बोटाने गालाला लावायचा.