स्मार्ट वजनकाटा आणि माझं स्टिरॉइडचं वजन: नऊ महिन्यांचा अनुभव

सर्व्हिस सेंटरमधला माणूस मला म्हणाला, "मॅडम, काटा वजन कमीच दाखवतोय ना, मग तक्रार कसली?" त्या एका वाक्यामुळे हे लिहायला बसले आहे.

काटा तुम्हाला माहीत असलेल्यातलाच. काचेचा, चार पायांचा, मोबाइलला जोडता येणारा, १,८९९ रुपयांचा. ऑक्टोबरमध्ये घेतला. सप्टेंबरात छातीच्या डॉक्टरांनी मला सार्कॉइडोसिस (बहुतेकदा फुफ्फुसांत सुजेच्या बारीक गाठी होण्याचा आजार) असल्याचं सांगितलं (आधी घरात सगळ्यांना टीबीच वाटला होता) आणि प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी सुरू झाली, रोज ४० मिलिग्रॅम, सकाळी नाश्ता झाल्यावर. तेव्हा वजन ५८.४ किलो होतं, महिन्याभरात ६२ च्या पुढे गेलं. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. गोळी मनाने बंद करायची नाही, कारण बाहेरून स्टिरॉइड मिळत असताना मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी आपलं काम मंदावतात आणि गोळी एकदम सोडली तर जिवावर बेततं. दुसरं, वजन रोज लिहायचं. आठवड्यात दोन किलो चढलं किंवा पाय सुजले की लगेच फोन.

आता माझा खरा राग. नोव्हेंबरात पावलं सुजली. घोट्यावर बोट दाबलं की खळगा राहायचा. पाटल्या मनगटात रुतल्या, साबण लावून काढाव्या लागल्या. आणि त्याच आठवड्यात काट्याच्या ॲपने हिरव्या अक्षरांत कळवलं: स्नायू दीड किलोने वाढले, चरबी घटली, अभिनंदन! मी ते ह्यांना दाखवलं. दोघांनाही बरं वाटलं. त्या बरं वाटण्यापायी डॉक्टरांना फोन करायला आम्ही चार दिवस उशीर केला.

डॉक्टरांनी समजावलं तेव्हा कळलं. हे काटे तळपायांतून अगदी सौम्य वीज सोडतात. पाण्यातून ती सहज जाते, चरबीतून अडते, आणि त्यावरून काटा चरबी-स्नायूंचा अंदाज बांधतो. स्टिरॉइडमुळे अंगात मीठ आणि पाणी साठून राहतं. ते पाणी काट्याने स्नायूंच्या खात्यात टाकलं. प्रत्यक्षात माझ्या मांड्या वाळत होत्या, पाटावरून उठताना हात टेकावा लागत होता. काट्यापेक्षा माझा ब्लाउज खरं सांगत होता: बाह्या सैल, खालचा हुक मात्र लागेना. पोट, चेहरा आणि मानेची मागची बाजू भरते, हातपाय बारीक होतात, हे या औषधाचं नेहमीचंच आहे. शेजारच्या काकू "तब्येत सुधारली हो तुझी" म्हणायच्या आणि मी घरात येऊन रडायचे.

म्हणून जानेवारीत मी या काट्याला एक तारा देणार होते. तसं लिहूनही ठेवलं होतं.

ते बदललं मिठामुळे. ॲप काढून टाकलं आणि फक्त किलोचा आकडा वहीत लिहू लागले. सकाळी उठल्यावर, बाथरूमला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, स्वयंपाकघरातल्या एकाच फरशीवर. (गादीवर किंवा सतरंजीवर ठेवू नका, आकडा चुकतो.) घरातलं पापड, लोणचं, शेव बंद केलं. दिवसभरात सगळं धरून पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही पूर्ण नाही. तीन दिवसांत १.३ किलो उतरले! तेव्हा या काट्याची किंमत कळली. शंभर-शंभर ग्रॅमचा फरक तो नीट दाखवतो. नाशिकमध्ये राहून रविवारची मिसळ सुटत नाही, आणि इथे तिच्यासोबत पापड येतोच. मिसळ खाल्ली की सोमवारी ७०० ग्रॅम वर, बुधवारपर्यंत परत खाली. असं झटकन चढतं-उतरतं ते पाणी. जे आठवड्याला पाव किलोने चढतं आणि हलत नाही, ते खाण्याचं. हा फरक मला वहीने शिकवला, ॲपने नाही.

खाण्याचं म्हणाल तर भूक भयंकर लागते. रात्री दोन वाजता जाग यायची आणि डबे उघडले जायचे. "खादाडपणा नाही हा, गोळीची भूक आहे," असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मनावरचं ओझं उतरलं. मग रात्रीसाठी उकडलेली अंडी, मोड आलेले मूग, बिनमिठाचं ताक समोर ठेवायला लागले. द्राक्षांच्या दिवसांत दिंडोरीहून पेटी आली, पण गोळीने साखरही वाढते, म्हणून जेवणानंतर मोजून दहा मणी. संध्याकाळी गोल्फ क्लब मैदानावर चालणं आणि मांड्यांसाठी खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं. आहारतज्ज्ञाचं तीन महिन्यांचं पॅकेज काट्याच्या पाचपट किमतीचं होतं, ते घेतलं नाही.

मे महिन्यात एका सकाळी काट्याने एकदम तीन किलो कमी दाखवले. सूज नव्हती, खाणं तेच, डोसही तोच. सेल बदलला तरी तेच. मग दुकानदाराच्या शिक्का असलेल्या काट्यावर दहा किलो तांदूळ मोजून आणले आणि आमच्या काट्यावर ठेवले: ९.५. उलटा करून पाहिला तर एका पायाचं रबर निघालेलं. सर्व्हिस सेंटर म्हणे, आत पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही. तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला वरचं वाक्य ऐकलं. मी त्याला वही दाखवली. या आकड्यावरून माझे डॉक्टर ठरवतात की सूज उतरली की नाही, आणि तीन किलो पाणी लपवणारा काटा मला दवाखान्यात पोचवू शकतो, हे शांतपणे सांगितलं. तांदळाचा व्हिडिओ दाखवला. एकोणीस दिवसांनी काटा बदलून मिळाला.

आता डोस ५ मिलिग्रॅमवर आलाय, वजन ६१.६. पाटल्या परत चढतात. नवा काटा मोबाइलला जोडलेला नाही. फरशीवर पेन्सिलने चार पायांच्या खुणा केल्या आहेत, आणि दर महिन्याच्या एक तारखेला आधी तांदळाची पिशवी चढते, मग मी.