आरसेक: नऊ महिने वापरून झाल्यावर

माझा सर्व्हर प्रोग्राम दर रिक्वेस्टमागे चार-पाच काउंटर वाढवतो. आधी ते अॅटॉमिक होते, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला बदलता येणारे. थ्रेड वाढवले तरी वेग तिथेच अडायचा. पर्फ हे वेग तपासायचं साधन लावून पाहिलं, तर सगळे एकाच कॅश लाइनसाठी (सीपीयूच्या जलद मेमरीतल्या एका कप्प्यासाठी) भांडत होते. प्रत्येक सीपीयूला वेगळा काउंटर द्यावा, हे कळत होतंच. पण 'मी तीन नंबरवर आहे' असं वाचून बेरीज करायच्या आत शेड्यूलरने (कोणता थ्रेड कुठे चालेल ते ठरवणारा कर्नलचा भाग) थ्रेड उचलून सातवर टाकला, की हिशेब चुकलाच. कर्नलच्या आत प्रीएम्प्शन, म्हणजे असं मध्येच उठवणं, बंद ठेवता येतं, यूजर कोडला ती सोय नाही.

लिनक्स ४.१८ पासून, म्हणजे २०१८ पासून, कर्नलमध्ये असलेले रिस्टार्टेबल सीक्वेन्सेस, म्हणजेच आरसेक, नेमके इथे उपयोगी पडतात. शेड्यूलर तुमच्यासाठी थांबत नाही, थ्रेड खुशाल बाजूला काढतो. फक्त परत यूजर कोडकडे सोडताना कर्नल बघतो, की गडी आधी जाहीर केलेल्या कोडच्या तुकड्याच्या मध्येच होता का. असेल तर उरलेलं न चालवता त्याला अॅबॉर्टच्या पत्त्यावर पाठवतो, तिथून पुन्हा पहिल्यापासून. सिग्नल आला तरी तेच. म्हणून खरा बदल करणारी इन्स्ट्रक्शन एकच आणि शेवटची असावी लागते. माझ्या बाबतीत ती म्हणजे लॉक प्रिफिक्स (बेरीज अॅटॉमिक करणारी खूण) नसलेली साधी बेरीज.

सुरुवातीला धास्ती होती की सारखं पहिल्यापासून सुरू होत राहील. अॅबॉर्ट मोजायला आणखी एक काउंटर ठेवला, आणि तो बघायचंच विसरलो, इतका तो हलत नाही. साहजिक आहे: तुकडा मोजक्या इन्स्ट्रक्शनचा, आणि माझ्या ६.६ कर्नलवर, आठ कोअरच्या मशीनवर, शेड्यूलरचा मूळ स्लाइस, म्हणजे थ्रेडला सलग मिळणारा वेळ, ३ मिलिसेकंदांचा.

त्रास झाला तो डीबगरमध्ये. जीडीबी या डीबगरमध्ये एकेक इन्स्ट्रक्शन पुढे नेत होतो आणि तुकडा काही संपेना. एक अख्खी संध्याकाळ स्वतःच्या असेम्ब्लीला शिव्या घातल्या. मग ट्यूब पेटली: प्रत्येक स्टेपला थ्रेड अडतो, अडला की अॅबॉर्ट, की पुन्हा पहिली ओळ. आता ब्रेकपॉइंट तुकडा संपल्यानंतरच लावतो. तुकड्याच्या आतून सिस्टम कॉलही (कर्नलकडे काम मागणं) करायचा नाही. डीबग पर्यायासह बांधलेला कर्नल अशा वेळी सरळ सेगफॉल्ट देतो, आणि मला तो मिळालाही आहे.

दुसरा घोळ जास्त छुपा. एका थ्रेडला कर्नलकडे आरसेकची नोंदणी एकदाच करता येते, आणि जीलिबसी (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) २.३५ पासून ती स्वतःच करून टाकते. मी वापरत असलेल्या मेमरी अॅलोकेटरलाही तीच जागा हवी होती. त्याने एरर दिली नाही, गुपचूप हळू मार्गावर गेला. ट्यूनेबल (जीलिबसीची सेटिंग) देऊन जीलिबसीची नोंदणी बंद करता येते, पण मग माझे काउंटर उघडे पडतात. शेवटी अॅलोकेटर बदलला.

लॉक धरलेला थ्रेडच शेड्यूलरने बाजूला काढला आणि बाकीचे ताटकळले, हे दुखणं असेल तर माझ्या ६.६ कर्नलवरच्या आरसेकमध्ये त्यावर औषध नाही. त्या आशेने घेऊ नका. असेम्ब्ली हाताने लिहायची हौस नसेल तर लिबआरसेक ही तयार लायब्ररी घ्या, मीही तिसऱ्या महिन्यात तिकडेच वळलो.

सध्या सीपीयू क्रमांकाऐवजी एमएम-सीआयडीवर, म्हणजे कर्नल प्रत्येक प्रोसेसपुरता देतो त्या क्रमांकावर, जातोय. मोठ्या मशीनवर चारच थ्रेड चालत असले तरी आधी प्रत्येक सीपीयूसाठी मेमरी अडकायची. हा क्रमांक थ्रेडच्या संख्येपुरताच वाढतो. पण तो कर्नल ६.३ पासून आहे, आणि माझं एक मशीन अजून त्याच्या मागे अडकलंय. त्यामुळे कोडमध्ये सध्या दोन वाटा ठेवाव्या लागल्यात.