फेनम, लॅटिट्यूड की चॅलेंजर? पुण्या-कोल्हापूरहून उडणाऱ्यांनी कोणतं विमान घ्यावं

स्वतःचं विमान घ्यायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न येतो, "हे लंडनला थेट जातं का?" गेली चौदा वर्षं मी पुण्यातल्या एका उद्योगसमूहाच्या विमानाचं वेळापत्रक सांभाळतोय. माझ्या वहीत वर्षाकाठी लंडन एकदा, फार तर दोनदा येतं. बाकी पानं दिल्ली, बंगळूर, अहमदाबाद, हैदराबाद आणि मधूनमधून दुबईने भरलेली असतात. म्हणून मी उलटं विचारतो: तुमचा नेहमीचा मार्ग कोणता आणि तुम्हाला उतरावी लागणारी सर्वांत तोकडी धावपट्टी कोणती? ही दोन उत्तरं मिळाली की निम्मी विमानं यादीतून आपोआप गळतात.

आपल्या भागातल्या पाच-सात माणसांच्या प्रवासासाठी शेवटी तीनच नावं उरतात. ब्राझीलच्या एम्ब्रेअरचं फेनम ३००ई, अमेरिकेतल्या विचिटाचं सेसना सायटेशन लॅटिट्यूड आणि कॅनडाच्या बॉम्बार्डिअरचं चॅलेंजर ३५००. नव्या विमानाची किंमत ढोबळमानाने फेनमची एक कोटी डॉलरच्या थोडी वर, लॅटिट्यूडची दोन कोटींच्या आसपास आणि चॅलेंजरची अडीच ते पावणेतीन कोटी.

आधी पल्ला, म्हणजे एकदा टाकी भरून विमान किती लांब जातं. कंपनीच्या आकड्यांनुसार फेनम ३,७२४ किलोमीटर जातं, लॅटिट्यूड ५,०००, चॅलेंजर सुमारे ६,३००. मुंबईहून दुबई साधारण १,९०० किलोमीटर, तिथे तिघंही आरामात जातात. सिंगापूर ३,९०० किलोमीटर, म्हणजे फेनमला वाटेत चेन्नईसारख्या ठिकाणी इंधनासाठी उतरावं लागणार आणि लॅटिट्यूड थेट जाणार. लंडन साधारण ७,२०० किलोमीटर, तिथे तिघांनाही थांबा घ्यावाच लागतो. मग लंडनच्या नावाखाली चॅलेंजरचे जादा पैसे का मोजायचे, हे मला कधी पटलेलं नाही. शिवाय माहितीपत्रकातला पल्ला चार-पाच माणसं आणि शांत हवा धरून काढलेला असतो. पश्चिमेकडे जाताना समोरून वारा असतो, आणि वाट नकाशावरच्या सरळ रेषेसारखी कधीच नसते. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांना खाली वळसा घालावा लागला. म्हणून छापील पल्ल्यातून मी नेहमी दहा ते पंधरा टक्के वजा करूनच बोलतो.

वेगाबाबत अनेकांचा गैरसमज असतो. किंमत जास्त म्हणजे वेग जास्त, असं धरून चालतात. प्रत्यक्षात फेनमचा कमाल वेग तासाला सुमारे ८६० किलोमीटर आणि दुप्पट किमतीच्या लॅटिट्यूडचा सुमारे ८२५. पुणे-दिल्लीला दोन्हींत तीन-चार मिनिटांचाच फरक पडतो. लॅटिट्यूडचे जादा पैसे जातात ते आतल्या जागेसाठी.

आणि जागेचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फेनमच्या केबिनची उंची १.५ मीटर, म्हणजे पाच फुटांनाही एक इंच कमी. लॅटिट्यूड आणि चॅलेंजर दोन्हींत ती १.८३ मीटर, सहा फूट, आणि जमीन सपाट. हे आकडे मला तोंडपाठ होते, पण त्यांचा अर्थ कळला तो आमच्या मालकांच्या आईंमुळे. सगळे त्यांना आईसाहेब म्हणतात. वय तेव्हा शहात्तर, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, नेसण नऊवारी. एका हँगरमध्ये फेनमच्या मापाचं विमान दाखवायला आम्ही त्यांना नेलं. पायऱ्या त्या चढल्या, पण आत शिरल्यावर खुर्चीपर्यंतची सहा पावलं वाकून, एक हात खुर्च्यांच्या पाठींवर टेकवत, दुसऱ्या हाताने ओचा सावरत गेल्या. बसल्यावर म्हणाल्या, "बसलं की बरं वाटतंय रे, पण उठायचं म्हटलं की कंबर आठवते." मागच्या टॉयलेटपर्यंत जाऊन येणं त्यांना झेपणार नव्हतं. तिथेच आमचा निर्णय बदलला.

दिवाणखान्यात एक प्रयोग करून बघा. फरशीवर खडूने १.५५ मीटर रुंद आणि ५.२ मीटर लांब चौकट आखा, ते फेनम. दुसरी १.९५ बाय ६.६ मीटरची, ते लॅटिट्यूड. तिसरी २.१९ बाय ७.७ची, ते चॅलेंजर. त्या चौकटींत घरच्याच खुर्च्या समोरासमोर मांडून बसा. फेनममध्ये समोरच्याचे गुडघे लागतात की नाही, चॅलेंजरमध्ये एखाद्याला सोफ्यावर आडवं होता येईल का, हे तिथल्या तिथे समजतं. विक्रेत्याच्या रंगीत चित्रांतून ते कळत नाही.

आणखी एक सुख डोळ्यांना दिसत नाही, ते म्हणजे केबिनमधल्या हवेचा दाब. विमान कितीही उंच गेलं तरी आत डोंगरावरच्यासारखी विरळ हवा राखलेली असते, फक्त तो डोंगर किती उंचीचा, यावर सगळं अवलंबून. कमाल उंचीवर उडताना लॅटिट्यूडमध्ये ही आतली उंची सुमारे ५,९५० फुटांची असते, आपल्या कळसूबाईपेक्षा जरा वर. फेनममध्ये ६,६०० फुटांची, म्हणजे जवळपास मसुरीची. प्रवासी विमान कंपन्यांच्या विमानांत ती ८,००० फुटांपर्यंत जाऊ शकते. दोन तासांत हा फरक जाणवत नाही, पण पाच तास बसून सिंगापूरला उतरल्यावर थेट बैठकीला जायचं असेल तर चांगलाच जाणवतो. चॅलेंजरची एक सोय इथेच सांगतो. उड्डाणातसुद्धा मागच्या सामानाच्या कप्प्यात जाता येतं. औषधाची पिशवी किंवा बदलायचे कपडे मागे राहिले तर ते लगेच हाती लागतात. फेनम आणि लॅटिट्यूडचा मोठा कप्पा बाहेरून उघडतो, तो उतरल्यावरच.

आता धावपट्टी. कागदावर फेनमला उडायला ९८० मीटर पुरतात, लॅटिट्यूडला सुमारे १,०९०. पण हे आकडे समुद्रसपाटीचे आणि १५ अंश तापमानाचे. कोल्हापूर-पुण्याची जमीन साडेपाचशे-सहाशे मीटर उंचीवर, आणि मे महिन्याच्या दुपारी पारा ३८-३९वर. हवा विरळ झाली की पंखांची उचल आणि इंजिनांची ताकद दोन्ही घटते. कोल्हापूरची धावपट्टी १,३७० मीटरची होती त्या काळात अशाच एका दुपारी आम्ही इंधन कमी घेतलं, दोन मोठ्या बॅगा गाडीने पुढे पाठवल्या आणि दिल्लीला जाताना इंदूरला उतरून टाकी भरली. आता तिथे सुमारे १,९०० मीटर आहेत, त्यामुळे फेनम आणि लॅटिट्यूडला ओढाताण नाही. नाशिकजवळच्या ओझरला ३,००० मीटर, तिथे कुठलंही विमान उतरतं. कऱ्हाडसारख्या छोट्या पट्टीवर नियमित जायचं असेल तर मात्र जेटचा नाद सोडा आणि पिलाटस पीसी-१२ किंवा किंग एअरसारखं पंख्याचं विमान बघा. पीसी-१२ तासाला ५४० किलोमीटरच्या आतच जातं, दिल्लीला पाऊण तास जास्त लागतो, पण छोट्या पट्टीवर उतरण्याचा भरवसा मिळतो.

बेस, म्हणजे विमानाचा कायमचा मुक्काम, मुंबईत ठेवायचा असेल तर विमानतळाच्या गर्दीच्या वेळांत खासगी विमानांवर बंधनं असतात आणि रात्रीचं पार्किंग मिळेलच असं नाही. माणसं उतरवून विमान रिकामं दुसऱ्या गावी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं, हे आमच्याकडे नेहमीचं. रिकाम्या फेऱ्यांत इंधन जातं आणि तिथे छोट्या विमानाचा मालक सुखी असतो. डिसेंबर २०२५मध्ये नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला, त्यामुळे आता हे गणित नव्याने मांडायला हवं.

विमानाच्या निवडीइतकाच त्याच्या नोंदणीचा प्रश्न मोठा आहे. सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक वापराच्या विमानावर जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला. भाड्याने चालवण्याचा परवाना घेऊन व्यावसायिक वापरासाठी आणलेल्या विमानावर तो ५ टक्के. दोन कोटी डॉलरच्या विमानावर हा फरक होतो ७० लाख डॉलर. म्हणून सगळे भाड्याच्या परवान्याकडे वळतात. पण मग विमान खरोखर भाड्याने चालवावं लागतं, त्याच्या पावत्या, नोंदी, सगळं चोख ठेवावं लागतं. भाड्याचा परवाना दाखवून घरगुती वापर केला म्हणून सीमाशुल्क खात्याने मालकांवर कारवाई केल्याची उदाहरणं आहेत. ज्यांना आपल्या विमानात परक्या माणसाने बसलेलं चालणार नाही, त्यांनी ४० टक्के धरूनच हिशेब करावा.

वर्षाला दोनशे तासांच्या आत उडणार असाल तर माझं स्पष्ट मत आहे, विमान घेऊच नका, भाड्याने घ्या. पायलट, हँगर, विमा, देखभाल हा खर्च विमान उभं असतानाही चालूच राहतो. भाड्याचा दर ठरवताना मात्र रिकाम्या परतीचे तास, चालकांचा मुक्काम आणि जीएसटी धरून एकच आकडा लेखी मागा.

न्यूयॉर्कला थेट जायचंच असेल तर बॉम्बार्डिअर ग्लोबल ७५०० किंवा गल्फस्ट्रीमची मोठी विमानं आहेत, सात-साडेसात कोटी डॉलरच्या घरातली. तो वेगळाच मामला. मधल्या अंतरावर फ्रान्सच्या दासोचं फाल्कन २००० आहे, पल्ला ७,४०० किलोमीटर. त्याबद्दल मला खास आनंद आहे, कारण फ्रान्सबाहेर हे विमान पहिल्यांदाच पूर्ण जोडलं जाणार आहे ते नागपूर विमानतळाजवळच्या मिहान या औद्योगिक क्षेत्रात. जून २०२५मध्ये तशी घोषणा झाली असून पहिलं विमान २०२८पर्यंत बाहेर काढायचं ठरलं आहे.

मला निवडायला सांगाल तर असं: मालक पन्नाशीच्या आतले, माणसं चार-पाच आणि उड्डाणं दोन तासांची, तर फेनम. घरात वयस्कर माणसं, वर्षातून चार-सहा वेळा सिंगापूर आणि उरलेलं वर्ष दिल्ली, तर लॅटिट्यूड, आणि आमच्या बहुतेक ओळखीच्यांना मी हेच सुचवतो. आठ-नऊ माणसं नेहमीच असतील आणि विमानातच बैठका होणार असतील, तरच चॅलेंजर.

जुनं घेत असाल तर ते आधी कुठल्या हवेत उभं होतं ते विचारा. समुद्राकाठच्या खाऱ्या पावसात उघड्यावर राहिलेल्या विमानाला गंज आतून धरतो. लॉगबुकाची, म्हणजे विमानाच्या उड्डाण-देखभालीच्या नोंदवहीची, सगळी पानं स्वतंत्र अभियंत्याला दाखवा. आणि हँगरमध्ये बघायला जाल तेव्हा आईला, सासऱ्यांना बरोबर न्या, आणि दाराच्या पायरीपासून मागच्या टॉयलेटपर्यंत त्यांना सावकाश एक फेरी मारू द्या.