घडीची सायकल: अकरा महिने, चार मजले

चौथा मजला, लिफ्ट नाही. खोली बघायला गेले तेव्हाच विचारलं होतं, सायकल खाली ठेवली तर चालेल का? घरमालकीणबाई म्हणाल्या, "ठेवा की. पण गेली तर मला विचारू नका." तीन आठवड्यांनी गेली. केबलचं कुलूप तेवढं जमिनीवर पडलेलं, मधोमध कापून. या शहरात येताना मी आणलेली ती एकच मोठी वस्तू होती. दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही.

यू आकाराचं जाड कुलूप घेऊन पुन्हा साधी सायकल आणता आली असती. पण तसलं कुलूप अडकवायला आधी जमिनीत काहीतरी पक्कं रोवलेलं लागतं, आणि आमच्या इमारतीखाली एक हलती कुंडी सोडली तर काही नाही. त्यात ऑफिस लांब. खोलीपासून स्टेशन अडीच किलोमीटर, मग गाडी, मग पलीकडे तीन किलोमीटर. म्हणजे सायकल दोन्ही टोकांना हवी आणि मधल्या वेळेत ती सामान झाली पाहिजे. म्हणून घडीची घेतली.

वीस इंची चाकं, ॲल्युमिनियमची फ्रेम, मागे सात गिअर, मडगार्ड आणि कॅरिअर. कंपनीचं नाव देत नाही, कारण अगदी अशीच फ्रेम वेगवेगळ्या नावांनी आणि रंगांनी विकायला असते, आणि खालचं बहुतेक सगळं त्या सगळ्यांनाच लागू आहे. रोजचे साडेपाच जाऊन साडेपाच येऊन, असे अकरा महिन्यांत साधारण २३०० किलोमीटर झाले. एवढ्यावर मत द्यायला हरकत नसावी.

वजन कागदावर १२.४ किलो. घरी वजनकाट्यावर आधी मी, मग सायकलसकट मी, असं मोजलं तर १३.६ भरलं. मडगार्ड, कॅरिअर आणि स्टँड कागदावर धरलेले नसतात, एवढं लक्षात ठेवा. सव्वा किलोचा फरक सपाट रस्त्यावर जाणवत नाही. बहात्तर पायऱ्यांवर जाणवतो.

पायऱ्यांवरूनच सांगते, कारण ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. घडी घातलेली सायकल जिन्यातून नेऊ नका. पहिले दोन महिने मी ते गाठोडं छातीशी धरून वर चढत होते. पॅडल पोटरीला, ब्रेकची तार कोपराला, आणि समोरची पायरी दिसत नाही. मग एकदा घाईत तशीच उघडी उचलली, मधल्या दांडीला बिजागरीजवळ धरून, आणि हसूच आलं. वजन हाताखाली बरोबर तोललं जातं, दुसरा हात कठड्याला मोकळा राहतो. आता घडी फक्त गाडीत आणि खोलीत.

घडी घालायची चार कामं: पॅडल दुमडायची, सीट खाली, हँडलची नळी खाली, मग फ्रेम मधून. दुकानदाराने माझ्यासमोर दहा सेकंदांत करून दाखवलं. मला पहिल्या दिवशी फलाटावर दोन मिनिटं लागली आणि गाडी गेली. आता वीस सेकंद लागतात. क्रँक, म्हणजे पॅडलची दांडी, एका ठरावीक जागी आणून मगच दुमडायची, नाहीतर पॅडल मध्ये येतं आणि घडी मिटलेली धरून ठेवणारी चाकांमधली दोन चुंबकं एकमेकांना भेटतच नाहीत. सीटच्या नळीला मी पांढऱ्या चिकटपट्टीची खूण केली आहे. पॅडल अगदी खाली असताना टाच टेकली की पाय सरळ व्हावा, ती आपली उंची. रोज दोनदा सीट खालीवर करायची असेल तर ही खूण नसणं म्हणजे रोज दोनदा गुडघ्याशी भांडण. नळीवर कंपनीचीही एक रेघ असते. ती दिसेल इतकी सीट वर ओढायची नसते.

या घडीतला खरा दोष म्हणजे चेन बाहेरच्या बाजूला राहते. माझ्या दोन पँटींवर आणि एका अनोळखी गृहस्थांच्या बॅगेवर तिचे ठसे आहेत. ब्रॉम्प्टन या इंग्लिश घडीच्या सायकलीत मागचं चाक पोटाखाली वळतं आणि चेन दोन चाकांच्या मध्ये लपते. अँड्र्यू रिची यांनी १९७० च्या दशकात लंडनमधल्या आपल्या राहत्या घरी ती रचना केली, आणि इतक्या वर्षांनी गर्दीच्या डब्यात उभं राहिल्यावर मला त्यांचं म्हणणं कळलं. पण त्या मूळ सायकलची चाकं १६ इंची, आणि आमचा रस्ता बघता मी वीसच्या खाली जाणार नव्हते. मी जुन्या चादरीची एक खोळ शिवली. तिचा दुसरा फायदा असा की खोळीतली सायकल बघून कपाळाला आठ्या पडत नाहीत. तीच वस्तू, पण झाकली की लोकांना ती सामान वाटते. तुमच्या गाडीचे नियम मात्र विकत घ्यायच्या आधी वाचा. कुठे घडी चालते, कुठे फक्त झाकलेली, कुठे ठरावीक वेळेतच.

आणि नियम काहीही असोत, ऐन गर्दीत हिला घेऊन चढणं हा शेजारच्यांवर अन्याय आहे. एका माणसाची जागा जाते. मी चाळीस मिनिटं आधी निघते. सायकलने वेळ वाचतो म्हणणाऱ्यांनी हे चाळीसही हिशोबात धरावेत.

आता चालवण्याबद्दल. पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात: एवढुशी चाकं, मग पॅडल किती मारावी लागत असतील? अजिबात जास्त नाही. पुढचं चेनव्हील मुद्दाम मोठं असतं. माझं ५२ दातांचं आहे, मागचा सर्वांत लहान गिअर १४ चा, चाकाचा घेर १.५७ मीटर. म्हणजे पॅडलच्या एका फेरीत ५.८ मीटर. चोरीला गेलेल्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दात होते, चाकं मोठी असूनही एका फेरीत जेमतेम सव्वापाच मीटर. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर ही ताशी २१ किलोमीटरने जाते, आणि शहरात त्याहून वेगाने जायला रस्ता मोकळा सापडत नाही. चढावर २८ दातांवर टाकायची, एका फेरीत तीन मीटरही जात नाही, पण उतरून ढकलावी लागत नाही. दुसरा गैरसमज असा की लहान चाकांची सायकल म्हणजे माणूस खाली बसतो आणि मोटारवाल्यांना दिसत नाही. सीट जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर असते. चाक लहान असतं, आपण नाही.

लहान चाकाची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. मोठं चाक ज्या खड्ड्यावरून जातं त्या खड्ड्यात हे उतरतं. गटाराच्या जाळीच्या फटी रस्त्याच्या दिशेने असतील तर मी सरळ वळसा घेते. हँडल इतकं हलकं आहे की पहिल्या आठवड्यात हात दाखवून वळायला गेले की सायकल नागमोडी. एक हात सोडायचा आणि मागे बघायचं, हे रिकाम्या मैदानात तासभर घोटल्याशिवाय मोठ्या रस्त्यावर जाऊ नका. मी गेले, आणि मागच्या बसच्या हॉर्नचा अर्थ मला नीट समजला.

हादऱ्यांचं दुखणं जुनं आहे. ॲलेक्स मोल्टन या इंग्रज अभियंत्यांनी १९६२ मध्ये लहान चाकांची सायकल बाजारात आणली तेव्हा तिला पुढेमागे दोन्हीकडे सस्पेन्शन दिलं होतं. मिनी या मोटारीचं रबरी सस्पेन्शनही त्यांचंच. माझ्या सायकलला तसलं काही नाही, तेव्हा टायरमधली हवा हेच माझं सस्पेन्शन. टायरच्या बाजूवर ६५ पीएसआयपर्यंत (हे हवेच्या दाबाचं माप) भरा असं लिहिलंय म्हणून मी महिनाभर ६५ भरत होते आणि मनगटं चोळत ऑफिसात बसत होते. तो आकडा कमाल मर्यादा आहे, आज्ञा नाही. आता मागे ५५, पुढे ४५. फरक एवढा की डब्यातला चमचा वाजायचा बंद झाला.

बिजागरीबद्दल थोडं थांबून लिहायला हवं. चौथ्या महिन्यात एका सकाळी ब्रेक मारला आणि हँडल किंचित पुढे डोललं. किंचितच, पण पोटात गोळा आला. उतरून बघते तर हँडलच्या नळीचा खटका बसलेला दिसत होता, मात्र त्याच्या खालची सुरक्षेची कडी लागलेली नव्हती. मध्ये ज्वारीच्या दाण्याएवढा खडा. तेव्हापासून सायकल उघडली की पुढचा ब्रेक दाबायचा, सायकल मागेपुढे हलवायची, खटक्यांकडे नुसतं बघायचं नाही तर बोटाने चाचपायचं. मगच बसायचं. खटका बंद करताना तळहाताने जोर लावावा लागला पाहिजे. एका बोटाने मिटत असेल तर आतला छोटा नट आवळायची वेळ झाली. मधल्या बिजागरीतून करकर यायला लागली होती, ती पुसून किंचित ग्रीस लावल्यावर गेली. साध्या सायकलला ही कामं नसतात. ज्यांना सायकल पुसायचासुद्धा कंटाळा आहे त्यांनी ही घेऊ नये, असं मी अगदी स्पष्ट सांगेन.

पंक्चर आजवर तीन. दोन मी काढली, कारण मागचं चाक नटांचं आहे आणि पंधरा नंबरचा पाना मी बाळगते. एकदा टायरच चिरला, तेव्हा एका दुकानातून "वीस इंची" म्हणून नवा घेऊन आले आणि अर्धा तास तो रिमवर बसवायचा प्रयत्न करत राहिले. बसेना, सैल होऊन निसटायचा. वीस इंची म्हणून दोन वेगवेगळी मापं विकली जातात हे मला त्या अर्ध्या तासानंतर कळलं. टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत ४७-४०६ असं काहीतरी असतं. पहिला आकडा रुंदी, दुसरा टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. मी आणलेला ४५१ चा होता. पंचेचाळीस मिलिमीटरचा फरक हाताच्या जोराने मिटत नाही.

पावसात ब्रेक उशिरा लागतात, कारण रबराचा पहिला वेळ रिमवरचं पाणी पुसण्यात जातो. अंतर ठेवा. लाईट वेगळे घ्यावे लागले. सीट ठीक.

रस्ता कसा शोधला, तेही सांगते, कारण त्यात सायकलचाच हात आहे. पहिले महिनाभर माझ्यासाठी हे शहर म्हणजे स्टेशनांची यादी होती. ग्रंथालय ज्या स्टेशनाजवळ आहे तिथे जायला दोन गाड्या आणि चाळीस मिनिटं, म्हणून ते लांब. एका रविवारी हुकलेल्या वळणामुळे मी एका शाळेच्या मागून बाहेर पडले तर समोर ग्रंथालय. खोलीपासून नऊ मिनिटं. गाडीचे दोन मार्ग ज्या दोन ठिकाणांना एकमेकांपासून लांब पळवतात ती पाठीला पाठ लावून उभी होती. त्या दिवसापासून मोठ्या रस्त्याला समांतर गल्ली आहे का हे मी आधी बघते. उभ्या मोटारींपासून एक दार उघडेल एवढी जागा सोडते, आणि वळणाऱ्या बसच्या आणि कडेच्या मधल्या फटीत कधीच शिरत नाही, सिग्नल कितीही छोटा असो.

घ्यावी का? खोली तळमजल्यावर असेल, गाडी बदलायची नसेल, तर मोठ्या चाकांचीच घ्या, ती चालवायला जास्त सुखाची. फार उंच असाल तर आधी सीट पूर्ण वर करून बसून बघा. ही एकाच मापात येते आणि मी जेमतेम सव्वापाच फूट आहे. पण सायकल रात्री खाली ठेवणं शक्य नसेल तर दुसरा पर्याय मला तरी सापडला नाही. सायकल म्हणून मी तिला दहापैकी सहा देईन, सामान म्हणून पाच. ती आता दाराआड, चपलांच्या रॅकला चिकटून उभी असते आणि घरमालकीणबाई भाडं न्यायला आल्या की तिलाच ठेचकाळतात.

मागच्या महिन्यात चेन बदलली. चोवीस कड्या नव्या चेनमध्ये बरोबर बारा इंच भरतात. माझ्या एक सोळांश इंच जास्त भरल्या, म्हणजे चेन झिजली होती. मागचा टायरही संपत आलाय. लहान चाक किलोमीटरला ६४० फेऱ्या मारतं, मोठं ४६० च्या आसपास, तेव्हा झिजणारच. नवा मागवलाय. ४०६ चा. आकडा दोनदा वाचून.